धारेच्या वेळचं नेट

४ जानेवारी, रविवार

कपाटातल्या त्या नेटच्या डब्याला चार दिवे आहेत आणि एकाच्याही उजेडात सुईत दोरा ओवता येत नाही. डबा बंद पडला की माझी नात किंचाळते, चालू असला तरी किंचाळते. आज संध्याकाळी मी गोठ्यात धार काढत होते. आतून पोरगी अशी ओरडली की मैना म्हैस बिचकून मागं सरली आणि चरवी कलंडता कलंडता राहिली. मला वाटलं पोरीच्या अंगावर कपाटच आलं. जाऊन बघते तर कानाला ते टोपडं लावून खुर्चीत बसलीय आणि डोळ्यांत पाणी. काय झालं म्हणून विचारलं. म्हणे, लॅग.

श्री अंबाबाई प्रसन्न. हे वर लिहायचं असतं, पण आज राग आधी आला. देवीला आमचं घर माहीत आहे.

ही डायरी दूध संस्थेनं नवीन वर्षाची दिली. फुकट आलेलं मला टाकवत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यातली तिसरी गोवरात गेली. अक्षर कसं का असेना, वाचणारी मीच.

निशी म्हणजे निशिगंधा, माझ्या केरबाची थोरली. केरबा आणि सूनबाई इचलकरंजीत मागाच्या शेडात पाळ्या करतात. पोरगी कॉलेजसाठी माझ्याकडं. ती लॅपटॉपवर फुटबॉल खेळते. पेठेत फुटबॉलसाठी डोकी फुटलेली मी बघितलीत, त्याचं नवल नाही. पण आता तालमीनं खुर्चीत बसून खेळायची टीमसुद्धा काढलीय. चार पोरं आणि पाचवी आमची. एकेक जण आपापल्या घरी बसून पलीकडच्या पेठेच्या एकेकाशी खेळतो, आणि ज्यांचे सामने जास्त ती पेठ जिंकली. तालमीच्या दारातल्या फळ्यावर निशीचं नाव खडूनं लिहिलंय. त्या फळ्यावर बाईचं नाव मी आजवर फक्त श्रद्धांजलीला बघितलं होतं. निशी रोज कॉलेजला जाताना वाट वाकडी करून तो फळा बघून जाते. मला वाटतं तिला वाटतं की मला कळत नाही.


६ जानेवारी, मंगळवार

दुपारी नौमान येऊन गेला. गल्लीतलं नेट त्याचं. माझ्याकडं दूध नेणाऱ्या रोशनबीचा थोरला तो, लग्न होऊन दोन लेकरांचा बाप झाला तरी आईनं हाक मारली की पळत जातो.

"आक्का, डबा कुठाय?"

"कपाटात. तांब्याच्या हंड्यामागं."

"हंड्यामागं? आन् का?"

"धूळ बसती. वर झाकण पण घातलंय, मीच विणलंय."

त्यानं कपाळाला हात लावला. "आक्का, ही काय लोणच्याची बरणी न्हाय. ह्याला मोकळं लागतंय. मधी तांबं आलं की ह्याचा जीव गुदमरतोय."

निशी माझ्याकडं अशी बघत होती जणू मी कुणाचा गळाच दाबलाय. डबा काढून भिंतीवर लावला. मग नौमाननं मोबाइलवर आकडे बघितले आणि म्हणाला, एकदम चांगलं चाललंय की. दुपारी चांगलंच चालतं. रड सगळी संध्याकाळची.

निशीला म्हटलं, ते पिंग पिंग काय लावलंय ते तरी सांग. ती म्हणाली, "आज्जी, तू हाक मारलीस आन् मी लगीच ओ दिली, तर पिंग कमी. उशिरा ओ दिली तर जास्त."

"मग तुझ्या बापाचा पिंग जन्मापासनं जास्त हाय."

हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून लिहून ठेवते.

नौमाननं गच्चीवर जाऊन वरची तार बघितली. मागं गोठ्यात मात्र आला नाही, पायात पांढरे बूट होते. मी म्हटलं, तिकडचं तू सोड, तिथं मी बंदोबस्त केलाय. दिवाळीपासून तिथं तार लोंबत होती, मैना तोंड लावायला बघायची. ती जास्तीची तार दुमडून मीच सुतळीनं गोठ्याच्या खांबाला, मेढीला, घट्ट आवळून टाकलीय. त्याच्या माणसांना एवढंही जमलं नव्हतं.


९ जानेवारी, शुक्रवार

सामना होता. डबा भिंतीवर, कपाट मोकळं, हंडा उगाच बाहेर. पोरगी देवाला हात जोडून बसली. मी धारेला बसले आणि आतून परत तेच. "आज्जीऽ, गेलं गं!" आधी तिचा खेळाडू पाय चिकटल्यासारखा उभा राहिला, तेवढ्यात त्यांनी गोल घातले, मग सगळंच बंद. सामना रद्द. म्हणे परत खेळायचा.

मी म्हटलं, चांगलं झालं की, हरत होतीस.

ती म्हणाली, "त्येच तर वाईट झालं, आज्जी."

मला काही समजलं नाही. हात दुखत होते, जास्त विचारलं नाही.


११ जानेवारी, रविवार

केरबाचा फोन आला. तेच गाणं. म्हैस विक, घर बंद कर, इचलकरंजीला ये. पेठेत आता म्हशी कुणाकडं राहिल्यात, म्हणतो. माझ्याकडं राहिलीय ना, म्हटलं. तुझ्यानं होत नाही आता, म्हणतो. कोण म्हणतं? मी ठेवून दिला.

मैना मात्र द्वाड झालीय हे खरं. पूर्वी मी हिला मोकळी ठेवून धार काढायची, एक हात पाठीवरून फिरवला की पान्हा सोडायची. आता अंगाला अंग लावून उभी राहत नाही, मागं ओढते. म्हणून दिवाळीपासून मेढीला अगदी आखूड बांधते, मगच बसते. तरी जोर लावते, मेढ करकरते. म्हशीसुद्धा वयानं चिडक्या होतात.

आज सकाळी कप फुटला. हल्लीचे कप गुळगुळीत करतात, हातात राहत नाहीत. परवाचाही तसलाच होता.

रोशनबी संध्याकाळच्या दुधाला आली. कितीएक वर्षं ती याच पायरीवर बसून धार बघते आणि समोर काढलेलंच दूध नेते. आज म्हणाली, "चिमणाक्का, धार बारीक पडाय लागली तुमची."

"म्हैस तुझ्यासारखी झालीय. द्यायच्या वेळेला हात आखडती."

"माझं नाव कशाला घेताय, मी मैनेचं कुठं म्हणलं?"

बाई फार बोलते.


१३ जानेवारी, मंगळवार

ह्या चार दिवसांत पोरीनं काय काय केलं ते सांगायचं तर माझाच श्वास लागतो. नेटचा गुप्त शब्द बदलला, कारण शेजारची पोरं फुकट पिक्चर बघत होती. ती पोरं आता मला बघून तोंड फिरवतात. डब्यापासून लॅपटॉपपर्यंत निळी वायर ओढली, त्यात मी एकदा अडखळले. माझा मोबाइल बंद करून ठेवला, कारण तो आपोआप काहीतरी ओढून घेतो म्हणे. मी त्याला काही सांगितलेलं नव्हतं. आज नौमाननं डबाच नवा बसवला. जुन्याला चार दिवे होते, याला पाच आहेत.

आणि संध्याकाळी रद्द झालेला सामना परत खेळताना परत तेच. निशी मागं पडली, नेट गेलं, सामना मोडला.

आज ती ओरडली नाही. मी चरवी घेऊन आत आले तर पोरगी तशीच बसलेली, हात मांडीवर. मी म्हटलं, चहा घे. ती म्हणाली, "आज्जी, ते म्हणतात मी मुद्दाम वायर काढतो. हराय लागलो की काढतो म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"पलीकडची पेठ. आन् आपला राजवीर काय बोललाच न्हाय."

राजवीर म्हणजे आमच्या टीमचा कप्तान.

अडखळलं म्हणून पोरगी मागं पडते, हे मला घरात बसून दिसतं. पण लांब बसलेल्याला दिसतं ते एवढंच, की मागं पडली आणि नेट गेलं.


१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटला. निशी घराबाहेर पडली नाही.


१५ जानेवारी, गुरुवार

राजवीर आला. बाहेरच गाडीवर बसून हॉर्न वाजवला. मी म्हटलं, लग्नाची वरात आणलीस का? मग उतरला. पोरगं उंच, केस कापलेले कोंबड्यासारखे, बोलायला गोड.

"आज्जी, राग मानू नका. तालमीच्या नावाचा प्रश्न हाय. त्या लोकांनी मला फोन केलता, लय बोलले. म्हणून मीच त्यांना सांगून टाकलं, पोरीनं वडली असंल वायर, नवीन हाय, घाबरली असंल. आमी तिला काढली. विषय संपला."

"तू बघितलंस का वायर ओढताना?"

"बघितलं न्हाय, पर दोनदा कसं हुतंय? आन् हराय लागल्यावरच कसं हुतंय?"

निशी दारात उभी होती. म्हणाली, "दादा, मी न्हाय काढली."

"मग कोण काढती? आज्जी काढती व्हय?" आणि हसला.

मी त्याला दारातूनच परत पाठवला. पाणीसुद्धा विचारलं नाही. नंतर निशी बाहेर जाऊन आली. न विचारता म्हणाली, फळ्यावरचं नाव पुसलंय. ओल्या फडक्यानं पुसलंय, डाग पण ठेवला नाही.

मी म्हटलं, एका खेळानं कुणी मरत नाही.  


१७ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते लिहू की नको असं वाटत होतं. लिहिते.

आपण खोटं नाही हे दाखवायला निशीनं लॅपटॉपवर एक चालू करून ठेवलं. काळ्या पडद्यावर एकाखाली एक ओळ येत राहते आणि प्रत्येक ओळीत एक आकडा. ती म्हणाली, "मी क्लासला चाललो. आकडा बारका हाय तवर ठीक. मोठा झाला की काय चाललंय घरात तेवढं बघून ठेव. पंखा, मिक्सर, काय बी." मी म्हटलं, मला धार काढायची आहे, मी तुझ्या पडद्यापुढं आरती घेऊन बसू काय. मग लॅपटॉप निळ्या वायरीसकट उचलला आणि गोठ्यातच नेऊन पेंडीच्या पोत्यावर ठेवला.

आकडे मला येतात, इंग्रजी येत नाही. वीस, एकवीस, वीस, बावीस, असं शहाण्या लेकरासारखं चाललं होतं. मैनेला आखूड बांधली, आंबोण ठेवलं, बसले. दोन पिळांत तिनं मागं ओढलं. मेढ करकरली. सहज पडद्याकडं बघितलं तर आकडा तीनशेवर. मग हजारावर. मग आकडाच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, ओळीवर ओळ.

मैना पुढं आली. वीस. एकवीस.

मी धार सोडून बसून राहिले. परत मागं गेली. परत अक्षरं. वर बघितलं तर माझी सुतळी, माझी गाठ, आणि त्यात दुमडलेली ती बारीक तार. मेढ वाकली की सुतळी ताणते, सुतळी ताणली की तारेची घडी आवळते.

योगायोग असेल असं मनाला सांगून बघितलं. मनानं ऐकलं नाही.

निशी आली आणि म्हणाली, काही दिसलं का? मी म्हटलं, मला कुठलं इंग्रजी येतं.


१८ जानेवारी, रविवार

सकाळी निशी आंघोळीला गेली तेव्हा सुतळी कापली. तार मोकळी करून उंच खिळ्यावर सैल टाकली, मैनेचं तोंड पोचणार नाही अशी. सुतळी चुलीत घातली.

मी असा विचार केला. पोरीला नेट पाहिजे होतं, ते मिळालं. सांगायचं म्हटलं तर सुतळीचं सांगावं लागतं. सुतळीचं सांगितलं की पुढचं विचारतात, म्हैस एवढी आखूड का बांधली. त्याचं उत्तर पेठेत गेलं की इचलकरंजीला जातं, आणि केरबा टेम्पो घेऊन दारात. त्यापेक्षा झाकलेलं बरं. कुणाचं काही गेलं नाही.

संध्याकाळी आकडे एकदाही हलले नाहीत. निशी पळत गोठ्यात आली. "आज्जी, एकदम झ्याक चाललंय गं! काय झालं असंल?" नौमान म्हणतो, मी नवा डबा बसवला त्याचा गुण. मी म्हटलं, असेल. पोरगी लगेच राजवीरला फोन करायला गेली, की आता नेट चांगलं झालं, मला परत घ्या.

मला आज लवकर झोप येईल असं वाटतंय.


२० जानेवारी, मंगळवार

झोप कसली. मी काय करून बसले ते आता कळलं.

निशी तालमीच्या कोपऱ्यावर राजवीरला भेटायला गेली. सगळी टीम उभी होती. राजवीर म्हणाला म्हणे, "बघा, नाव पुसलं आन् नेट सुधारलं. गुण आला का न्हाय?" पोरं हसली. एकानं वायर ओढल्याची नक्कल केली. नेट खराब होतं तोवर तिचं निदान कुणीतरी खरं मानलं असतं. आता नेट चांगलं झालं, म्हणजे ती खोटी ठरली. मी गुपचूप दुरुस्त केलं आणि पोरीवर शिक्का मारला.

रोशनबीनं सुद्धा पायरीवर बसून विचारलं, "चिमणाक्का, खरंच वडत हुती का वो ती?" रोशनबीनं विचारलं म्हणजे सगळ्या गल्लीचं ठरलं.

निशी जेवली नाही. म्हणाली, "मी जातो आज्जी, इचलकरंजीला. आईबरोबर कांड्या भरतो. कॉलेजात बी सगळ्यांना कळलंय, वायरवाली म्हणत्यात." बॅग काढून त्यात दोन ड्रेस टाकले. मी म्हटलं, जाऊन काय होणार, तिथंही नेट आहेच. तिनं बॅगेत तिसरा ड्रेस टाकला.


२१ जानेवारी, बुधवार

विचार केला. केरबा, टेम्पो, इचलकरंजीची ती चौथ्या मजल्यावरची खोली, जिथून खाली बघितलं तर नुसत्या पत्र्याच्या शेडा आणि सगळीकडं मागांचा खडखडाट. सगळं बघितलं. दुसरीकडं पोरीची बॅग. ती अजून दाराजवळच आहे, चेन लावलेली नाही.

पाय दुखतात, हात दुखतात, सगळ्याचा कंटाळा आलाय. कंटाळा आला म्हणून काम राहत नाही.


२२ जानेवारी, गुरुवार

तालमीत गेले. आखाड्यात बाई पाऊल टाकत नाही, म्हणून पायरीच्या खाली उभी राहिले आणि आवाज वर पाठवला. हंबीरराव बाहेर आले. तालमीचं आता तेच बघतात, मिशा पांढऱ्या झाल्या तरी पीळ तसाच आहे.

"वैनी, तुमी कशाला आला? निरोप धाडायचा."

"निरोपाची गोष्ट न्हाय. रविवारी संध्याकाळी धारेच्या टायमाला माझ्या गोठ्यात या. राजवीरला आणा, सगळ्या पोरांना आणा. वायर कोण वडत होतं ते दावतो."

राजवीर मागं उभा होता. म्हणाला, "आज्जी, झालंय की आता. कशाला वाढवताय?"

"तुला बोलवाय आलो न्हाय, तुला आणाय सांगितलंय."

हंबीरराव हसले, पण येतो म्हणाले.

घरी येऊन निशीला एवढंच सांगितलं की रविवारपर्यंत जाऊ नको. का म्हणून विचारलं तर म्हटलं, शेण कोण काढणार.


२५ जानेवारी, रविवार

सगळे आले. हंबीरराव, राजवीर, टीमची बाकीची तिन्ही पोरं, नौमान आणि त्याच्या मागं रोशनबी भांडं घेऊन. गोठा एवढासा, पोरं नाक धरून उभी. मी म्हटलं, नाक सोडा, दूध ह्याच गोठ्यातलं पिऊन मोठे झालाय.

सकाळीच तार खिळ्यावरून काढून, होती तशी दुमडून, नव्या सुतळीनं मेढीला आवळली होती. निशीला सांगितलं, तो आकड्यांचा पडदा लाव आणि लॅपटॉप राजवीरच्या हातात दे. तिच्या हातात असला तर म्हणतील तिनंच काहीतरी केलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

आधी मैनेला लांब दाव्यावर ठेवली. "वाच," राजवीरला म्हटलं.

"वीस. वीस. एकवीस."

मग आखूड बांधली आणि खाली बसले. एवढी माणसं बघून मैना आधीच बावरली होती. हात लावला तशी तिनं सगळा जोर मागं टाकला.

"चारशे," राजवीर म्हणाला. "बाराशे. आज्जी, गेलं. टाइम आउट."

दाव्याला ढील दिली.

"वीस," तो म्हणाला. आवाज लहान झाला होता.

"परत एकदा बघू," हंबीरराव म्हणाले. परत केलं. परत तेच. तिसऱ्या खेपेला मीच नको म्हटलं, मैनेनं काय गुन्हा केलाय.

नौमान पांढऱ्या बुटांसकट शेणात उतरला आणि ती घडी बोटानं चाचपली. "आक्का, ह्याच्या आत काच असतीया, केसासारखी. दुमडली की उजेड अडतोय. आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"तू सांगितलंतंस का, म्हशीला बांधू नका म्हणून?"

"असं कोण सांगतंय, आक्का!"

पोरं हसली. निशी नाही हसली. ती मेढीकडं बघत होती, मग माझ्याकडं. तिला कळलं होतं की मधल्या आठवड्यात नेट आपोआप बरं झालं नव्हतं. मी नजर वळवली. ते आमचं आम्ही नंतर बघू.

मग जे विचारतील असं वाटत होतं ते हंबीररावांनी विचारलंच. "वैनी, पर एवढी आखूड का बांधताय? तुमी तर मोकळ्या म्हशीची धार काढायचा. आमी किती वर्सं बघतोय."

मी उठले. उठायला मेढीचा आधार घ्यावा लागला. खोटं सांगता आलं असतं, म्हैस द्वाड झाली म्हणून. रोज ह्याच डायरीत लिहीत होतेच की. पण मैना तिथंच उभी होती, गरीब गाईसारखी, आणि सगळे बघत होते.

"हात धरंनात," मी म्हटलं.

उजवा हात पुढं करून मूठ मिटून दाखवली. जेवढी मिटते तेवढी. मध्ये लिंबू राहील एवढी जागा उरते. म्हैस मागं ओढत नव्हती. मीच नीट पिळू शकत नव्हते, तिला दुखत होतं, म्हणून ती सरकायची. म्हणून बांधायची.

 रोशनबी आपलं भांडं घेऊन उठली. आज तिला अर्धंच दूध मिळालं होतं आणि बाई एक शब्द बोलली नाही. त्यावरून ओळखलं, माझे हात गेल्याचं तिला केव्हाचंच माहीत होतं. उद्या सकाळपर्यंत पेठेत, आणि दुपारपर्यंत केरबाच्या शेडात. येऊ दे त्याला. मैनेचं काय करायचं ते त्याच्यासमोर बोलेन.

पोरं निघाली तसा राजवीर म्हणाला, "सॉरी आज्जी. निशी, तू उद्यापासनं ये खेळाय. मी नाव लिवतो फळ्यावर."

"आन् त्या पेठेला काय सांगणार?"

"त्यांना आता कुठं सांगत बसू? आपल्याला कळलं, झालं. टाकतो एक मेसेज."

"निशीनं वायर वडली असंल, हे त्यांना मेसेज करून सांगितलंतंस का तोंडानं?"

तो हंबीररावांकडं बघायला लागला. हंबीरराव म्हशीकडं बघायला लागले.

"आज्जी, मी बोलतो त्यांच्याशी," निशी म्हणाली. "मला बोलाय येतं."

तिला म्हटलं, तू गप. तुला बोलायला येतं हे मला माहीत आहे. जे केलंच नाही त्याचा खुलासा तू कशाला करायचास?

उद्या झेंड्याची सुट्टी आहे. पुढच्या सामन्याचं ठरवायला त्या पेठेचा फोन सकाळी तालमीत यायचा आहे, असं हंबीररावच म्हणाले. मग मी सगळ्यांच्या देखत सांगितलं आणि इथंही लिहून ठेवते. तो फोन हंबीररावांनी उचलायचा नाही. निशीनं त्याला हात लावायचा नाही. राजवीरनं उचलायचा, टीमची सगळी पोरं समोर उभी करून, आवाज मोठ्यानं लावून, आणि पोरगी खरी होती हे जसं पोरगी खोटी आहे सांगितलं होतं तसंच, आपल्या तोंडानं, त्यानंच सांगायचं.